घोंगडीतून आणलेले किडे

फार पूर्वीची गोष्ट. जिथे ढग डोंगरापलीकडेच सगळा पाऊस सांडून रिकामे होऊन येतात, अशा एका कोरड्या माळावर मेंढपाळांची एक वस्ती होती. झाडं मोजकीच, तीही काटेरी. गवत मात्र असं, की भाद्रपदात वारा सुटला की सगळा माळच चालायला लागलाय असं वाटावं. त्या गवतावर मेंढरं जगत आणि मेंढरांवर माणसं.

दगडांच्या राशी रचून माळाचे तुकडे पाडलेले होते. एका तुकड्यावर मेंढरं चरत तेव्हा बाकीचे तुकडे बंद. कोणता तुकडा कधी उघडायचा हे ठरवायला वस्तीने एक राखणदार नेमलेला असे आणि राखणदार ते ठरवत असे शेणाला विचारून. शेणाची गोष्ट म्हणून ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, कारण पुढे शेण बरंच आहे.

रीत अशी होती. तुकडा उघडायच्या दिवशी सकाळी राखणदार गाईच्या ताज्या शेणाचा एक पो तिथे नेऊन ठेवायचा आणि त्याच्याजवळ एकटाच बसायचा. बाकी सगळे लांब, दगडांच्या राशीपाशी थांबायचे. ऊन चढेपर्यंत शेणकिडे आले, गोळ्या करून लोटू लागले, भोकं पाडून शेण जमिनीत नेऊ लागले, तर तुकडा उघडा. शेण तसंच पडून वरून वाळून गेलं तर तुकडा बंद. मग कोणी कितीही गयावया करो.

जुन्या लोकांनी ही रीत उगाच घातलेली नव्हती. माळाच्या पोटात आणखी एक वस्ती असते. शेणकिडे जमिनीला भोकं पाडतात, त्या भोकांतून पाणी आत मुरतं. वाळवी वाळकं गवत खाऊन त्याची माती करते. गवताच्या मुळांना केसाहून बारीक असे पांढरे धागे लगडलेले असतात, ते मातीचे कण धरून ठेवतात. मातीच्या वरचा काळपट पापुद्रा असतो ना, ज्यावर आपण पाय देऊन खुशाल पुढे जातो, तोसुद्धा जिवंत असतो. मेंढरं थोडी चरून, लेंड्या टाकून पुढे सरकली की ही खालची वस्ती खुशीत असते. मेंढरं फिरकलीच नाहीत तर वाळक्या गवताचा थर साचून नवं गवत गुदमरतं. आणि मेंढरं तिथून हललीच नाहीत तर पापुद्रा फुटतो, माती दडपून घट्ट होते आणि खालचे जीव एकेक करून मरतात किंवा निघून जातात. वरून मात्र बरेच दिवस काही कळत नाही. म्हणून शेणाला विचारायचं.

त्या काळी राखणदार होता धुळा नावाचा मेंढपाळ. वयाने चाळिशीकडे झुकलेला, बोलायला गोड, अंगाने दांडगा. त्याच्या आधीचा राखणदार कडक होता, त्यामुळे लोक त्याच्या तोंडावर गप्प आणि पाठीमागे शिव्या देत. धुळाचं तसं नव्हतं. तो राखणदार झाला आणि लागोपाठ पाऊस बरा झाला. तो शेण ठेवी आणि किडे धावत येत. लोक म्हणू लागले, "धुळाबाचा हात लागला की माळ उघडतोय बघा." पहिल्यांदा तो लाजला. मग त्याला ते आवडू लागलं आणि मग, इथेच सगळं बिघडलं, त्याला ते खरं वाटू लागलं.

परीक्षेचं शेण तो नेहमी म्हाकूबाईकडून नेई. म्हाकूबाई वस्तीच्या कडेला एकटी राहायची. तिच्याकडे थोड्या शेळ्या आणि एक गाय. हिवाळ्यात सगळी वस्ती मेंढरं घेऊन खाली नदीकाठी उतरायची तेव्हा ती एकटीच मागे थांबून सगळ्यांच्या घरांवर नजर ठेवायची. तिच्या खोपटामागे तिच्या वाटणीचा माळाचा एवढासा पट्टा होता. रोज सकाळी ती शेळ्यांचे खुंटे उपटायची आणि चार पावलं पुढे नेऊन ठोकायची. "आक्का, रोजच्या रोज कशाला गं हे?" असं कोणी विचारलं तर म्हणायची, "अरं, आपन एका कुशीवर किती झोपतो? कूस बदलतोच की." तिच्या अंगणातलं शेण संध्याकाळपर्यंत कधी शिल्लक राहत नसे.

एका वर्षी पाऊस रुसला. चार सरी आल्या आणि गेल्या. भाद्रपद लागला तेव्हा बाकीचे तुकडे चरून संपले होते आणि एकच तुकडा उरला होता, उगवतीचा. मागच्या वर्षी त्याच्यावर मेंढरं जरा जास्तच दिवस बसली होती. वस्ती तेव्हा धुळाला म्हणाली होती, "राहू दे की अजून थोडं दिस," आणि धुळाला नाही म्हणता आलं नव्हतं. आता तो तुकडा बंद निघाला तर वस्तीला लगेच बाडबिस्तरा आवरून नदीकाठी उतरावं लागणार होतं. दसऱ्याची जत्रा हुकणार होती. जत्रेत पाहुणेरावळे येत, ढोल वाजत आणि देवापुढे सगळ्या माळाच्या वतीने राखणदाराला फेटा बांधला जाई. ह्या खेपेला धुळाची सासुरवाडी येणार होती. त्याने ते आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणाला न सांगता तो उगवतीच्या तुकड्यावर गेला आणि शेण ठेवून बसला. ऊन चढलं. एकही किडा आला नाही. शेणावर भाकरीसारखा पापडा धरला. त्याने काठीच्या टोकाने जमीन उकरून पाहिली, तर टोक आत जाईना. तुकडा बंद होता. राखणदाराने वस्तीकडे जाऊन एवढंच सांगायचं होतं.

धुळा घरी गेला आणि काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा म्हाकूबाईकडे शेण न्यायला गेला. ती आत ताक घुसळत होती. "घे, तुजंच हाय. गाय आत्ताच उठलीया," ती आतूनच म्हणाली. अंगणात पहाटेच्या शेणावर किड्यांची नुसती लगबग चालली होती. धुळाने एकदा दाराकडे पाहिलं, मग घोंगडीची खोळ केली आणि ओंजळीने किडे तिच्यात भरले. तेवढ्यात ती ताकाचा गडवा घेऊन बाहेर आली. खोळ छातीशी आवळून धरत तो तिचं ताक प्यायला. घोंगडीच्या आत ते जीव वळवळत होते, ते त्याला सदऱ्यातून जाणवत होतं.

दुपारी वस्ती पाहते तो काय! पोभर किडे. गोळ्या लोटतायत, एकमेकांच्या अंगावरून जातायत. "उघडा! उघडा!" असा एकच गलका झाला. लोकांनी धुळाला उचलून घेतलं. मेंढरं आत सुटली आणि त्या गडबडीत कोणी खाली पाहिलं नाही. धुळाने पाहिलं. किडे गोळ्या घेऊन इकडून तिकडे धावत होते, डोक्याने जमीन ढोसत होते आणि त्यांना आत जाता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत बरेचसे मेंढरांच्या खुरांखाली गेले. उरलेले म्हाकूबाईच्या खोपटाच्या दिशेने उडून गेले.

जत्रा झाली. धुळाला फेटा बांधला. सासरे म्हणाले, "जावई आमचा नावाजलेला हाय." तो हसला, पण जेवताना ताट त्याने तसंच सरकवलं.

दसऱ्यानंतर वस्ती नदीकाठी उतरली, हिवाळा-उन्हाळा तिथेच काढला आणि पावसाच्या तोंडाला माळावर परत आली. ह्या वर्षी पाऊस चांगला होता. सगळा माळ हिरवा झाला, आणि एकटा उगवतीचा तुकडा टक्कल पडल्यासारखा तांबडा राहिला. पाणी त्याच्यात मुरायचंच नाही. वरच्यावर धावायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. तुकड्याच्या खालच्या अंगाला एक घळ पडली होती.

पारावर वस्ती जमली. सुभानआबा म्हणून सगळ्यांत वडीलधारे होते, ते पंच. "शेनानं तर बरं सांगितलं हुतं," ते म्हणाले, "मग हे झालं कसं?"

कोणी काही, कोणी काही म्हणू लागलं. मग एक जण म्हणाला, "आपन समदं नदीकाठाला. हितं मागं कोन हुतं? म्हाकू. आन् तिच्या शेळ्या."

एवढं निमित्त पुरलं. शेळ्या मुळासकट खातात, शेळ्यांनीच रान उघडं केलं, तिने गुपचूप तुकड्यात शेळ्या घातल्या, आपण विश्वासाने घरं तिच्यावर टाकून गेलो आणि तिने हे केलं. माणसं स्वतःच्या बोलण्यावरच तापत गेली. म्हाकूबाई उभी राहिली. "माज्या शेळ्या त्या तुकड्यात पाय टाकत न्हाईत," ती म्हणाली. "धुळाला इचारा. माजी जनावरं कशी चरत्यात ते त्याला ठावं हाय. शेन न्यायला माज्या दारात कोन येतंय?"

सगळे धुळाकडे वळले. सुभानआबा म्हणाले, "बोल धुळा. राखनदार तू. हिच्या शेळ्या तुकड्यात गेल्या का?"

वाचणाऱ्याने इथे जरा थांबावं. ह्या माणसाला अजूनही संधी होती. किड्यांचं कबूल करायची हिंमत नव्हती तर नसू दे, पण 'तिच्या शेळ्या तसं करणार नाहीत' एवढे शब्द त्याला बोलता आले असते. त्याच्या शब्दाला वजन होतं. तेवढ्यावर भागलं असतं.

धुळा म्हणाला, "म्या पाहिलं न्हाई."

बोलणं तसं खोटं नव्हतं. तोही नदीकाठीच होता, पाहणार कुठून? पण सगळ्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि ते तो अर्थ घेणार हे त्याला ठाऊक होतं. म्हाकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. तो आपल्या पायतणाकडे बघत होता. तिच्या शेळ्यांना माळ बंद करण्यात आला. शेळ्यांना माळ नाही म्हणजे तिलाही तिथे राहता येणार नव्हतं. दुसऱ्या सकाळी तिने गाईच्या पाठीवर गाठोडं टाकलं, शेळ्या पुढे घातल्या आणि ती निघाली. वाट धुळाच्या दारावरूनच होती. तो आत बसून राहिला. दारापाशी शेळ्यांचे पाय वाजायचे थांबले आणि मग पुन्हा वाजू लागले; ते ऐकू येईनासे होईपर्यंत तो बाहेर आला नाही.

त्यानंतर लोक त्याला जास्तच मानू लागले. "शेजारधर्म बघितला न्हाई, खऱ्याला जागला," असं म्हणू लागले. कोणी पाया पडलं की त्याला पाय मागे घ्यावेसे वाटत. बायको विचारायची, "जेवत का न्हाईसा?" तो म्हणायचा, "भूक न्हाई." रस्त्यात सुभानआबा दिसले की तो वाट बदलायचा. केलेलं उघडं पडण्याची भीती कधीच गेली होती, कोणाला संशयसुद्धा नव्हता. राहिली होती ती लाज.

भाद्रपद आला. आता मावळतीचा तुकडा उघडायचा होता. उगवतीचा तुकडा गेल्यामुळे सगळ्या मेंढरांचा भार बाकीच्या तुकड्यांवर पडला होता. लोकांना काळजी नव्हती, धुळाबा होता ना! परीक्षेच्या सकाळी पाय सवयीने त्याला म्हाकूबाईच्या खोपटाकडे घेऊन गेले. दार ओढलेलं होतं. अंगणात शेण नव्हतं म्हणून किडेही नव्हते. शेळ्यांचे खुंटे जिथे रोज ठोकले जायचे तिथे बारीक बारीक भोकं होती आणि त्यांतून गवत वर आलेलं होतं. तो तिथेच बसला. आपण तिच्याच अंगणातले जीव चोरून नेले आणि आपल्या चुकीचा आळ तिच्याच शेळ्यांवर येऊ दिला, हे त्याने आजवर एवढं सरळ मनात म्हटलं नव्हतं.

त्याने आपल्या घरच्या गाईचं शेण नेलं आणि मावळतीच्या तुकड्यावर ठेवलं. ऊन चढलं. दोन-चार किडे आले, घुटमळले, निघून गेले. शेण वाळलं. लोक आले.

"काय रं धुळा, किडं आलं का?" सुभानआबांनी विचारलं.

"न्हाई आलं," धुळा म्हणाला. "आन् आबा, मागल्या वर्सी उगवतीच्या तुकड्यावर बी आलं नव्हतं. म्या घोंगडीतनं आनलं हुतं. म्हाकूआक्काच्या अंगनातनं."

कोणाला आधी कळलंच नाही. त्याने पुन्हा सांगितलं.

"म्हंजी तिच्या शेळ्या..." आबा म्हणाले.

"शेळ्यांचा काय दोस न्हाई. तुकडा आदुगरच मेला हुता. आपुन वर मेंढरं घातली."

मारायला कोणी धावलं नाही. धावले असते तर धुळाला बरं वाटलं असतं. त्या दिवशी पारावर ज्यांनी सगळ्यांत मोठ्याने आरडाओरडा केला होता ते आता सगळ्यांत मागे सरकले होते. सुभानआबा खाली बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "तिनं आमची घरं राखली रं. आन् आम्ही तिला येक डाव नीट इचारलं बी न्हाई." लाज एकट्या धुळाची राहिली नाही. त्या वर्षी वस्ती जत्रेआधीच, ढोल न वाजवता नदीकाठी उतरली.

राखणदारकी धुळाकडून गेली. दंड केला नाही. आबांनी एवढंच सांगितलं, "त्या तुकड्यावर तूच बस. मेंढरू आत जाऊ देऊ नगंस. आन् वाटंनं जानारा जो कोन इचारील, हे रान असं उघडं का, त्याला समदं सांगायचं. स्वताच्या तोंडानं."

म्हाकूबाईला शोधायला धुळा स्वतः तिच्या माहेरी गेला. ती तिथून कधीच पुढे निघून गेली होती. कुठे, ते कोणाला सांगता आलं नाही.

मग तो उगवतीच्या तुकड्यावर बसू लागला. पाण्याने पाडलेली घळ दगड लावून अडवू लागला. वाळकं गवत आणून पसरू लागला. वाटेने माणसं जायचीच. जत्रेकरू, लग्नाची वऱ्हाडं, दुसऱ्या माळांवरचे मेंढपाळ. प्रत्येकाला तोच प्रश्न पडे, आणि धुळाला दर वेळी नव्याने सांगावं लागे: वाळलेलं शेण, घोंगडी, किडे, फेटा. कोणी ऐकून थुंकत, कोणी चुकचुकत, कोणी हसत. सांगून सांगून लाज बोथट होईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

वर्षं गेली. त्याचे केस पिकले. तुकड्यावर कुठे कुठे गवताचे ठोंब दिसू लागले, पण तुरळकच. एका दुपारी एक म्हातारी काठी टेकत आली आणि दगडाच्या राशीवर बसली. तिने तुकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"का रं बाबा, हे रान असं उघडं का?"

धुळाने आवाज ओळखला. पण विचारणाऱ्याला सांगायचं, असं ठरलेलं होतं. त्याने सांगायला सुरुवात केली. खाली मान घालून, सगळं. आदल्या दिवशीचं शेण, तिच्या दारातलं ताक, खोळीत भरलेले किडे, जत्रा, तांबडं पडलेलं रान, त्या बाईचं निघून जाणं, मग त्याची कबुली. सांगून झाल्यावर तो थांबला.

"झालं?" म्हातारीने विचारलं.

"झालं, आक्का."

"वाटेनं जानारी मानसं तुजी ही गोस्ट लांब लांब सांगत्यात. माज्या कानावर बी तशीच आली. म्हनून आले." तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. "समदी गोस्ट ऐकली म्या. तेवढं येकच तू कुनाला सांगत न्हाईस. पारावर आबानं तुला काय इचारलं, आन् तू काय म्हनालास?"

इतकी वर्षं, इतक्या माणसांना त्याने ही कथा सांगितली होती आणि दर वेळी ती जागा तो हलकेच ओलांडून पुढे जात असे. किड्यांची चोरी सांगता येत होती. ते तीन शब्द सांगता येत नव्हते.

"म्या म्हनालो..." तो म्हणाला आणि रडू लागला.

म्हाकूबाई उठली नाही, त्याच्या पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसती वाट बघत बसली.

"म्या म्हनालो, म्या पाहिलं न्हाई."

"व्हय," ती म्हणाली. "किडं तू मान मिळावा म्हनून नेलंस, ते मला कळतं. मानसाला हाव असते. पर त्या दिशी म्या तुज्या तोंडाकडं बघत हुते. वाटलं, आता बोलंल, आता बोलंल. घर सोडून जाताना बी तुज्या दारापाशी शेळ्या जरा थांबवल्या म्या. तू बाहीर आला न्हाईस."

शेळ्यांचे पाय का थांबले होते, ते धुळाला त्या दिवशी कळलं.

"आता येनाऱ्या-जानाऱ्याला सांगशील तवा तेवढं बी सांगत जा," ती म्हणाली आणि काठीवर जोर देऊन उठली. तिने प्यायला पाणी मागितलं. त्याने दिलं. ते पिऊन ती आली तशी वाटेला लागली.

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मोठ्यांनोही: जमिनीला विसावा न देता तिच्याकडून घेत राहिलं की तिच्या पोटातले जीव मरतात आणि मग वरचेही फार काळ तगत नाहीत. पण ती चूक आपली असताना तिचा आळ दुसऱ्यावर जाऊ देणं, आणि तेव्हा गप्प बसणं, हे त्या चुकीहून मोठं पाप आहे.